दिवस राहतात, पण टिकत नाहीत



उसाची उगवण झाली नाही तर आपण बेणे पाहतो, माती पाहतो, पाणी पाहतो. घरातल्या सुनेचे दोनदा पोट पडले, तर मात्र काही न पाहता दोष तिच्यावर टाकून मोकळे होतो. कोणी बाहेरचे बघायला सांगतो, कोणी दुसऱ्या लग्नाची भाषा काढतो. ही रीत आम्हांला मुळीच पसंत नाही.

गर्भ पडण्याची कारणे पुष्कळ. पुष्कळदा खोट गर्भातच असते. आज आम्ही एकाच गोष्टीविषयी लिहितो, ती म्हणजे थायरॉईड.

ही ग्रंथी गळ्यात पुढच्या बाजूस असते. तिचा रस, म्हणजे हार्मोन, पहिले सुमारे तीन महिने पोटातल्या जिवाला आईकडूनच मिळतो. काही बायकांत मात्र शरीराचे राखणदारच या ग्रंथीवर उठतात. कुंपणच शेत खाते म्हणतात ना, तसे! हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी १९१२ साली या रोगाचे वर्णन केले. या राखणदारांना अँटिबॉडी म्हणतात. त्या ज्यांच्या रक्तात सापडतात, त्यांच्यात रस पुरेसा असूनही गर्भ पडण्याचे प्रमाण जास्त दिसते.

मग गोळी घेतली की झाले? येथे जरा सावकाश वाचावे. रस कमी असेल तर गोळी हवीच. तो टीएसएच तपासणीत कळतो. तिचा हिशेब उलटा, बहुधा आकडा वाढला म्हणजे रस कमी. पण नुसत्या अँटिबॉडी असतील तर? ब्रिटनमध्ये अशा ९५२ बायका घेऊन प्रयोग झाला. त्यांपैकी निम्म्यांना दिवस राहण्याआधीपासून खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. २०१९ साली निकाल आला : जिवंत मूल झाले ते शेकडा ३७.४ आणि ३७.९ जणींना. म्हणजे गोळीने फरक पडला नाही. तेव्हा अशा बाईने उगाच गोळ्या खाऊ नयेत, पण दिवस राहिल्यावर टीएसएच पुन्हा पुन्हा तपासून घ्यावे. रस पुढे कमी पडू शकतो.

ज्यांना गोळी चालू आहे त्यांनी दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना सांगावे. बहुधा डोस वाढवावा लागतो. गोळी सकाळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर घ्यावी. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी चार तासांनी. पुष्कळ बायका तिन्ही गोळ्या चहाबरोबर एकदमच गिळतात, आणि मग थायरॉईडची गोळी अंगी लागत नाही.

तपासणीला मागचे सगळे कागद न्यावेत, आणि नवऱ्यानेही बरोबर जावे. तोडणी चालू असली तरी!