जाम झालेला व्हाइस कसा सोडवावा?

प्रश्न : वडिलांचा जुना बेंच व्हाइस बरीच वर्षं पडवीत पडून होता. आता त्याचा स्क्रू जाम झालाय. हँडलला पाइप घालून जोर लावला, तरी हलत नाही. काय करावं?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : आधी तो पाइप काढा. जुन्या व्हाइसची बॉडी बहुधा बिडाची असते. बीड दाब सोसतं, पण ताण किंवा फटका बसला की तडकतं आणि ते जोडणं फार अवघड असतं.

गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून आटे आवळले जातात. तारेच्या ब्रशने दिसणारा गंज काढा. आट्यांत पेनेट्रेटिंग ऑइल सोडा आणि तीन-चार दिवस सकाळ-संध्याकाळ सोडत राहा. दर वेळी स्क्रूच्या डोक्यावर लाकडी ठोकळा धरून हलके टोले द्या. कंपनांनी तेल आत झिरपतं. मग हँडल आधी किंचित आवळण्याच्या दिशेने फिरवा, नंतर सोडण्याच्या. तांबूस चिखल बाहेर येऊ लागला की समजा, काम होतंय. तो पुसा, पुन्हा तेल द्या. एका दमात पूर्ण फिरवू नका.

तरीही हटला नाही, तर तेल पूर्ण पुसून, मोकळ्या हवेत फक्त नटाचा भाग सावकाश शेकवा. नट प्रसरण पावतो, पकड सुटते. तापलेल्या बिडावर पाणी मात्र कधीच ओतू नका.

सुटल्यावर आटे रॉकेलने धुऊन कोरडे करा आणि ग्रीस भरा. कोकणच्या दमट हवेत दर पावसाळ्याआधी ग्रीस बदला. असा व्हाइस पुढची पिढीही वापरेल.