किशोरवयीन मुलाचे म्हणणे ऐकताना

कुटुंब न्यायालयात न्यायाधीश म्हणून नुकत्याच रुजू झालेल्या चि. भाचीस अनेक उत्तम आशीर्वाद.

घटस्फोटाच्या दाव्यात मुलाच्या ताब्याचा, म्हणजे मूल कोणाजवळ राहावे याचा वाद उभा राहिला की पालक व पाल्य अधिनियम, १८९० याच्या कलम १७(३) अन्वये, समजून-उमजून पसंती सांगण्याइतके मूल मोठे असल्यास न्यायालयाला ती विचारात घेता येते. मात्र यासाठी कायद्याने वयाचा आकडा घातलेला नाही, आणि विचारात घेणे म्हणजे त्या पसंतीने बांधले जाणेही नव्हे, कारण अखेरची कसोटी मुलाच्या हिताचीच राहते.

चौदा-पंधरा वर्षांचे मूल दालनात येऊन बसताच ‘आईकडे राहायचे की बाबांकडे’ असे विचारणाऱ्या न्यायाधीशाला उत्तर मिळते, पण मूल कळत नाही. त्या एका प्रश्नाने निवाड्याचा भार मुलावर पडतो आणि ज्याचे नाव घेतले नाही त्या पालकाला तोंड कसे दाखवावे, याच विवंचनेत ते सापडते. त्याऐवजी निर्णय न्यायालयाचा आहे, तो एकट्या मुलाच्या उत्तरावर ठरणार नाही, हे आधी स्पष्ट सांगून त्याचा रोजचा दिवस विचारावा: सकाळी कोण उठवते, दहावीचा अभ्यास कोणत्या घरी नीट होतो, क्लासहून उशीर झाला तर पहिला फोन कोणाला जातो, धाकट्या भावंडाचे कोण पाहते. ही उत्तरे देताना कोणाशी बेइमानी केल्यासारखे वाटत नाही, आणि मुलाचा आधार कोठे आहे हे त्यांतूनच उमगत जाते. मूल गप्प राहिले तर ती शांतता भरून काढण्याची घाई करू नये.

‘हे कोणालाही कळणार नाही’ असे वचन देण्याचा मोह मोठा असतो आणि तो टाळलाच पाहिजे. कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ याच्या कलम ११ नुसार कामकाज बंद दालनात चालवता येते हे खरे. परंतु मुलाच्या ज्या म्हणण्यावर निकाल उभा राहतो ते निकालपत्रात कोठेतरी उमटतेच, आणि मुलाने लैंगिक अत्याचाराविषयी काही सांगितले तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ते पोलिसांना कळवणे बंधनकारक ठरते. पाळता न येणारे वचन ज्या मुलाला घरी दोन्हीकडून मिळत आले आहे, त्याला ते न्यायालयातही मिळू नये.

मुलाने एका पालकाला ठाम नकार दिला की दुसऱ्याने पढवल्याचा आरोप होतोच. पालक-दुरावा, म्हणजे एका पालकाने मन कलुषित केल्यामुळे दुसऱ्याविषयी निर्माण होणारा तिटकारा, या संकल्पनेची सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या एका निकालात दखल घेतली आहे. तरी हे नाव चटकन चिकटवणे धोक्याचे, कारण घरातली मारहाण डोळ्यांनी पाहिलेले मूलही तितक्याच ठामपणे नकार देते, आणि माणसे पूर्ण चांगली किंवा पूर्ण वाईट वाटणे हा त्या वयाचाच भाग असतो. मूल वकिली शब्द आणि पोटगीच्या रकमा बोलून दाखवत असेल, पण स्वतः अनुभवलेला एकही प्रसंग तपशिलाने सांगू शकत नसेल, तर शंका रास्त ठरते. अशा वेळी समुपदेशकाची मदत घ्यावी आणि दुसरी भेट ठेवून त्या दिवशी मुलाला दुसऱ्या पालकाने आणावे, असे सुचवावे; दोन्ही दिवशीच्या बोलण्यातील फरक पुष्कळ काही सांगून जातो.

सोळा वर्षांच्या मुलाला मुळीच न पटलेला भेटीचा आदेश बहुधा कागदावरच राहतो, कारण त्याला हाताला धरून कोणी नेऊ शकत नाही. म्हणून त्याच्या इच्छेविरुद्ध निर्णय द्यावा लागल्यास त्याचे कोणते म्हणणे मानले, कोणते मानले नाही आणि का, हे निकालाच्या दिवशीच, पालकांच्या तोंडून कळण्याआधी, न्यायाधीशाने त्याला समोर बसवून सांगावे.

कळावे.
मामाचे आशीर्वाद