हृदयविकाराचे ‘नवे संशोधन’ : बातमी वाचावी कशी?

हृदयविकारावर जगात इतके संशोधन छापले जाते की, मोठ्या शहरातल्या हृदयरोगतज्ज्ञालाही ते सगळे वाचणे शक्य होत नाही. मग नांदेड-लातूरच्या डॉक्टरांनी आणि मुखेड, औसा, उदगीरच्या रुग्णांनी काय करावे? औषध कंपनीचा प्रतिनिधी डॉक्टरांच्या टेबलावर गुळगुळीत रंगीत माहितीपत्रक ठेवून जातो. रुग्ण वर्तमानपत्राचे कात्रण किंवा मोबाईलवरचा मजकूर पुढे करतो. दोन्हींत एक वाक्य हमखास असते : ‘नव्या संशोधनातून सिद्ध झाले आहे.’ सिद्ध झाले म्हणजे नेमके काय झाले, ते आज समजून घेऊ.

या अडचणीवर तोडगा म्हणून डॉक्टरांसाठी खास पत्रके निघाली. लंडनमध्ये १९६२ साली औषधांची निःपक्ष माहिती देणारे, जाहिराती न घेणारे असे एक पत्रक सुरू झाले. अमेरिकेत १९९१ पासून फिजिशियन डॉक्टरांच्या संस्थेने ‘जर्नल क्लब’ नावाचे पत्रक काढले. त्याचे संपादक ढीगभर शोधनिबंध चाळतात, बहुतेक बाजूला ठेवतात आणि कसोटीला उतरलेल्यांचा सारांश थोडक्यात देतात. खाली जाणकार तज्ज्ञाचा अभिप्राय असतो. ही कसोटी चार साध्या प्रश्नांची आहे. ते प्रश्न सामान्य वाचकालाही विचारता येतात.

पहिला प्रश्न : काय मोजले?

याचे उत्तम उदाहरण आपल्या मुंबईतले आहे. सर्पगंधा ही वनस्पती आपल्या वैद्यांना पूर्वीपासून माहीत होती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या ५० रुग्णांना देऊन नीट नोंदी ठेवल्या आणि १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निबंध छापला. जगभरच्या तज्ज्ञांचे लक्ष तिकडे गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये या मुळीतून रिसर्पिन हे औषध वेगळे काढण्यात आले. १९५७ साली डॉ. वकील यांना अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

मात्र या निबंधाने दाखवले ते एवढेच की, रक्तदाब उतरतो. रक्तदाब उतरला म्हणजे माणूस जास्त जगतो का, हा प्रश्न वेगळा होता. त्याचे उत्तर पुढे मिळाले.

आकडा सुधारला म्हणजे रुग्ण वाचलाच असे नाही, हे एका दुसऱ्या प्रसंगाने कडवटपणे शिकवले. हृदयविकाराच्या झटक्यानंतर काही रुग्णांच्या हृदयाचे ठोके मधूनच चुकतात. एनकेनाइड आणि फ्लेकेनाइड या गोळ्यांनी ते ठोके सुरळीत होत, ईसीजी सुधारलेला दिसे. म्हणून अमेरिकेत डॉक्टर त्या विश्वासाने देत होते. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत गोळ्या घेणाऱ्या ७५५ रुग्णांपैकी ६३ दगावले. बिनऔषधी गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. ईसीजी सुधारला, माणसे गेली. म्हणून बातमीत ‘प्रमाण घटले’ असे वाचले की विचारावे : कशाचे प्रमाण? कागदावरच्या आकड्याचे की मृत्यूचे?

दुसरा प्रश्न : तुलना कोणाशी?

‘शंभर जणांना दिले, ऐंशी जणांना गुण आला’ हे वाक्य अपुरे आहे. औषध न घेताही त्यातल्या किती जणांना बरे वाटले असते, हे कसे कळणार? म्हणून चिठ्ठ्या टाकल्यासारखे रुग्णांचे दोन गट पाडतात. एकाला औषध देतात, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी देतात.

१९६७ साली अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत हेच केले. खालचा रक्तदाब ११५ ते १२९ असलेल्या १४३ पुरुषांपैकी निम्म्यांना तीन औषधे दिली. त्यातले एक होते सर्पगंधेतले रिसर्पिन. औषध न मिळालेल्या गटात २७ जणांना गंभीर त्रास उद्भवले, औषध घेणाऱ्या गटात फक्त दोघांना. वाढलेला रक्तदाब औषधाने उतरवला तर माणूस वाचतो, हे इथे पक्के झाले. रिसर्पिन आता मागे पडले आहे, त्याहून सोयीची औषधे आली आहेत. तेव्हा बाजारातून सर्पगंधेची पूड आणून मनानेच घेऊ नये. तिने मन उदास होणे, रक्तदाब फार उतरणे असे त्रास होऊ शकतात.

तिसरा प्रश्न : शंभरात किती?

१९८८ साली सतरा हजारांहून अधिक रुग्णांवरची एक तपासणी प्रसिद्ध झाली. झटक्याचा संशय असलेल्यांना लगेच ॲस्पिरिन सुरू केली, तर पाच आठवड्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने होणारे मृत्यू २३ टक्क्यांनी घटले. याचा अर्थ शंभरातले २३ जण वाचले, असा नाही. गोळी न घेणाऱ्या शंभरांत सुमारे १२ दगावले, घेणाऱ्या शंभरांत सुमारे साडेनऊ. म्हणजे शंभरामागे दोन-अडीच जीव वाचले. इतक्या स्वस्त गोळीला हे यश मोठेच आहे. पण टक्केवारी ऐकून जे चित्र डोळ्यांपुढे येते, त्याहून ते वेगळे आहे.

चौथा प्रश्न : कोणावर?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. २०१८ साली ऑस्ट्रेलिया व अमेरिकेतल्या १९,११४ वृद्धांवरची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यातले बहुतेक सत्तरीपुढचे होते आणि कोणालाही हृदयविकार नव्हता. त्यांना रोज ॲस्पिरिन देऊन धडधाकट आयुष्य वाढले नाही, उलट रक्तस्राव वाढला. अशा निष्कर्षाची बातमी ‘ॲस्पिरिन निरुपयोगी’ एवढ्या मथळ्यात बसवली, तर अनर्थ होतो. ज्याला झटका येऊन गेला आहे किंवा ज्याच्या हृदयात स्टेंट बसवला आहे, अशा माणसाने तो मथळा वाचून गोळी बंद केली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन जिवावर बेतू शकते. ती तपासणी त्याच्यासारख्यांवर झालेलीच नव्हती. उलट, धट्टीकट्टी माणसे शेजाऱ्याचे पाहून ‘रक्त पातळ होण्याची गोळी’ मनाने घेतात, त्यांना मात्र ती नीट लागू पडते.

परदेशातले संशोधन आपल्या कामाचे नाही, असेही समजू नये. २००४ साली ५२ देशांच्या अभ्यासात दिसले की, भारत व शेजारच्या देशांत पहिला झटका साधारण ५३ व्या वर्षी येतो, इतरत्र साधारण ५९ व्या. तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, रक्तातली चरबी ही कारणे मात्र सगळीकडे तीच. म्हणजे आपल्याकडे ही काळजी लवकर सुरू करायला हवी.

एवढे पाळावे

१. बातमी वाचून चालू गोळी बंद करू नये आणि नवी सुरू करू नये. ‘गोळी गरम पडते’ असे वाटले तरी आधी डॉक्टरांना विचारावे.

२. कात्रण जपून ठेवावे, पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवून हे चार प्रश्न विचारावेत. यात संकोच नको. चांगल्या डॉक्टरला अशा प्रश्नाचा राग येत नाही.

३. ‘एका महिन्यात ब्लॉकेज साफ’ अशा जाहिरातीला पहिलाच प्रश्न लावून पाहावा.

४. छातीत दाबल्यासारखी कळ येऊन घाम फुटला, तर मात्र प्रश्न विचारत बसू नये. तात्काळ १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावे. उपचार जितके लवकर, तितके हृदय अधिक वाचते. हे संशोधन आता जुने झाले असले तरी खरे ठरलेले आहे.