कृष्णा-पंचगंगा परिसर : एक दिवसाची यात्रा

श्रीक्षेत्र नृसिंहवाडी (ता. शिरोळ, जि. कोल्हापूर) येथे पंचगंगा कृष्णामाईस मिळते. श्री नृसिंह सरस्वती स्वामी महाराजांनी येथे बारा वर्षे वास्तव्य केले, अशी श्रद्धा आहे. औदुंबरातळीच्या मनोहर पादुका हेच येथील उपास्य दैवत होय.

मंदिर नदीच्या घाटावरच आहे. पावसाळ्यात पाणी वाढले की ते उत्तरद्वाराने आत येते व पादुकांवरून वाहत दक्षिणद्वाराने बाहेर पडते. त्या प्रवाहात स्नान करण्याच्या पर्वणीस ‘दक्षिणद्वार सोहळा’ म्हणतात. पाणी आणखी चढल्यास उत्सवमूर्ती उंचावरील नारायणस्वामी मंदिरात नेली जाते व नित्यसेवा तेथे चालू राहते.

सकाळी दर्शन व प्रसाद घेऊन दुपारी कुरुंदवाडमार्गे, उसाच्या मळ्यांतून खिद्रापूर गाठावे. कृष्णाकाठचे तेथील कोपेश्वर मंदिर बाराव्या शतकातील, शिलाहारकालीन आहे. स्वर्गमंडपाचे छत मध्यभागी वर्तुळाकार खुले असून त्यातून आकाशाचे दर्शन घडते. बाह्य भिंतीच्या तळाशी कोरलेली हत्तींची रांग अवश्य पाहावी. शिवमंदिर असूनही येथे नंदी नाही. तो येडूर (कर्नाटक) येथे असल्याचे सांगतात.

भाविकांसाठी सूचना : इ.स. २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांत हा परिसर जलमय झाला होता. पावसाळ्यात निघण्यापूर्वी पाणीपातळीची व रस्त्यांची चौकशी करावी. खोल पाण्यात उतरू नये. निर्माल्य नदीत सोडू नये. ज्या पाण्यास मान देऊन प्रत्यक्ष देव आसन सोडतात, तेथे भाविकाने साहस करू नये. काठावरून हात जोडल्यानेही कृष्णामाई प्रसन्नच होते.