बोलणं ओळखणाऱ्या यंत्राला मराठी उच्चार शिकवताना

१. नियमात बसतं ते नियमानंच करावं. ‘घर’मधला शेवटचा अ आपण म्हणत नाही, ‘सिंह’चा सिंव्ह होतो, ‘ज्ञान’चं द्न्यान. हे शोधायला मोलाची ध्वनिमुद्रणं खर्ची घालू नयेत.

२. खरी परीक्षा च आणि ज यांची. ‘तो जग फिरला’ आणि ‘तू सुखानं जग’ यांतले दोन ज लेखनावरून ओळखता येत नाहीत. अशा वेळी उच्चारकोशात, म्हणजे यंत्रासाठी शब्दांचे उच्चार नोंदवलेल्या यादीत, दोन्ही उच्चार ठेवायचे. यंत्र ते प्रत्येक मुद्रणाशी ताडून पाहतं आणि जास्त जुळणारा निवडतं. पुरेसे आवाज ऐकवले की कुठला उच्चार किती चालतो याचा हिशेब आपोआप तयार होतो. निवाडा बोलणाऱ्याच्या तोंडून होतो, म्हणून ही रीत मला प्रिय आहे.

३. मराठीत रुळलेल्या इंग्रजी शब्दांसाठी इंग्रजीचा आयता उच्चारकोश उसना घेऊ नये. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या कोशात १,३४,०००हून अधिक शब्द आहेत, पण उच्चार उत्तर अमेरिकेतले. आपल्याकडचं ‘टेशन’ आणि ‘ट्याक्टर’ त्यात कुठून सापडणार?

४. पर्याय वाढले की गोंधळही वाढतो. सगळीकडे ण ऐवजी न चालवला, तर ‘मण’ आणि ‘मन’ एकच होतात. म्हणून क्वचित ऐकू येणारे उच्चार छाटावे लागतात. पण ही छाटणी एकूण बेरजेवर कधीही करू नये, याबद्दल मी ठाम आहे. संग्रहात पुण्या-मुंबईचे आवाज जास्त असले, की वऱ्हाड-खानदेशातलं ‘डोळा’चं ‘डोया’, ‘केळी’चं ‘केयी’ आकड्यांत किरकोळ ठरतं आणि पहिल्यांदा तेच गळतं. मग केळी पिकवणाऱ्यानं फोनवर भाव विचारला, तर त्याचंच पीक यंत्राला कळत नाही. शेतमालाचे भाव मराठीतून सांगणाऱ्या प्रणालीसाठी आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांचे आवाज गोळा केले, ते याचसाठी मोलाचे. प्रत्येक भागाची मोजणी वेगळी करावी; एखादा उच्चार एका भागात रुळलेला असेल तर तो राहिलाच पाहिजे.

५. आता आवाजातून थेट अक्षरं लिहिणारी यंत्रं आली आहेत, त्यांना वेगळा कोश लागत नाही. तरी चुकांचं एकच सरासरी प्रमाण पाहून मी काम स्वीकारत नाही. जळगावच्या चुका वेगळ्या मागतो, अकोल्याच्या वेगळ्या.