नॉमिनी वडील, वारस काकू

धाकट्या काकांनी नोकरीला लागल्यावर पहिली मुदत ठेव केली, तेव्हा त्यांचं लग्न व्हायचं होतं. फॉर्मवर नॉमिनी म्हणून त्यांनी थोरल्या भावाचं, म्हणजे माझ्या वडिलांचं नाव घातलं. पुढे लग्न झालं, मुलगी झाली. ठेव दर मुदतीला आपोआप नूतन होत राहिली, रक्कम वाढत गेली, नाव मात्र तेच राहिलं.

काका अचानक गेले. दिवस-कार्य उरकल्यावर मी काकूंना घेऊन बँकेत गेलो. पावतीवर ‘नामनिर्देशन: होय’ एवढंच छापलेलं होतं. ते नाव आपलंच असणार, असं काकू धरून चालल्या होत्या. काउंटरवरच्या बाईंनी संगणकात बघून वडिलांचं नाव वाचलं, तेव्हा काकूंनी पावती उलटी करून पाहिली. मागे तरी काही लिहिलंय का म्हणून.

बँकेचं यात काही चुकलं नव्हतं. नोंदलेल्या नॉमिनीला पैसे दिले की बँकेची जबाबदारी संपते. पण म्हणून ते पैसे नॉमिनीचे होत नाहीत. तो फक्त ते घेऊन खऱ्या वारसांकडे पोचवणारा विश्वस्त. आणि वारस कोण, हे मृत्युपत्रावरून ठरतं. ते नसेल तर वारसा कायद्यावरून. काकांनी मृत्युपत्र केलेलं नव्हतं. हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 प्रमाणे पत्नी, मुलं आणि आई पहिल्या वर्गात येतात. म्हणजे ठेवीच्या 12 लाखांतले 4 लाख काकूंचे, 4 लाख चुलत बहिणीचे आणि 4 लाख आजीचे. वडिलांचे शून्य. मुलाच्या पैशात आईचा सारखा वाटा असतो हे आमच्याकडे कुणालाच ठाऊक नव्हतं, आजीला तर नव्हतंच.

आत्या मात्र वडिलांना म्हणाली, “दादा, कागदावर नाव तुझं आहे, मग वाटतोस कशाला?” असं वाटणारी ती एकटी नाही. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या गुंतवणुकीवरून त्यांच्या कुटुंबात झालेला वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डिसेंबर 2023 मध्ये न्यायालयाने स्पष्ट केलं, की शेअर आणि म्युच्युअल फंडांचा नॉमिनीही मालक होत नाही. वडिलांनी पैसे खात्यात जमा होताच तिघींच्या नावे चेक लिहिले आणि कशापोटी दिले याचा कागद सगळ्यांच्या सह्यांनिशी करून ठेवला. तसा कागद कराच. वारसाहक्काने आलेल्या रकमेवर आयकर नाही, पण ती वारसाहक्काची आहे हे उद्या दाखवता आलं पाहिजे.

नियम सगळीकडे एकच असता तर बरं झालं असतं. काकांच्या पीएफवरही लग्नाआधीचं, वडिलांचंच नाव होतं. पण पीएफच्या योजनेत लग्न झाल्यावर ते जुनं नामनिर्देशन आपोआप रद्द होतं, म्हणून तिथे काकूंचा अर्ज सरळ घेतला गेला. आयुर्विम्यात 2015 पासून तिसरीच तऱ्हा आहे: नॉमिनी आईवडील, पती-पत्नी किंवा मुलं यांपैकी असेल, तर पैशाचा लाभही सहसा त्याचाच. भाऊ त्या यादीत नाही. तेव्हा ‘नॉमिनी लावलाय’ एवढ्यावर निश्चिंत होऊ नका. कुठे लावलाय, कोण लावलाय आणि कधी लावलाय, तिन्ही पाहा.

काकांचे म्युच्युअल फंड काकूंच्या नावे झाले. त्याला ट्रान्समिशन म्हणतात. ती विक्री नव्हे, त्यामुळे त्यावर कर लागत नाही. पुढे काकू युनिट विकतील तेव्हा खरेदीची किंमत काकांची धरायची आणि मुदतही त्यांच्या खरेदीपासून मोजायची. इक्विटी फंडात वर्षाहून जुन्या युनिटांवर सध्या वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त आणि वरच्यावर 12.5 टक्के कर. काकांची जुनी स्टेटमेंटं रद्दीत जाता जाता वाचली ती यासाठी. शिवाय मृत्यूच्या तारखेपर्यंतच्या काकांच्या उत्पन्नाचं विवरणपत्र काकूंना कायदेशीर वारस म्हणून पोर्टलवर नोंदणी करून भरावं लागलं. त्यानंतरचं व्याज वारसांच्या उत्पन्नात धरायचं. पॅन मात्र घाईने परत करू नका. कराचा परतावा येईपर्यंत तो लागतो.

हे सगळं निस्तरल्यावर वडिलांनी स्वतःच्या ठेवी तपासल्या. एका जुन्या ठेवीवर नॉमिनी होते काका. भावाभावांनी तेव्हा एकमेकांची नावं घातली असावीत. नॉमिनी आधी गेला आणि दुसरं नाव नसलं, तर ते नामनिर्देशन नसल्यातच जमा. मग मोठ्या रकमेसाठी वारसांना न्यायालयातून उत्तराधिकार प्रमाणपत्र आणायची पाळी येऊ शकते. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक ठेवींना चार जणांपर्यंत नॉमिनी ठेवता येतात: एकतर टक्केवारी वाटून, नाहीतर एकामागून एक. लॉकरला फक्त एकामागून एक. वडिलांनी आईचं नाव पहिलं आणि माझं दुसरं घातलं, आणि बँकेकडून शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठले नाहीत.