पावसात खोकला का पसरतो?

जव्हार-मोखाड्याचा पाऊस म्हणजे धो धो पाऊस. भाताची आवणी करून माणसे ओलीचिंब घरी येतात. मग घरोघर खोकला सुरू होतो. लोक म्हणतात, "भिजला म्हणून पडसे झाले."

आम्ही सांगतो, नुसत्या भिजण्याने पडसे होत नाही. पडसे, फ्ल्यू हे रोग विषाणूंमुळे होतात. विषाणू फार बारीक. डोळ्यांना दिसत नाहीत. आजारी माणूस खोकला की थुंकीच्या थेंबांबरोबर ते हवेत उडतात.

मग पावसाळ्यात साथ का येते? झड लागली की आपण दार लावून घेतो. घरात आठ-दहा माणसे दाटीने बसतात. एकाचा श्वास दुसऱ्याच्या नाकात जातो. चुलीचा धूर कोंडतो आणि छाती कमजोर करतो. २००९ साली पुण्यात स्वाइन फ्ल्यूची साथ भडकली, तीही ऐन ऑगस्टात.

थंडीत हवा कोरडी होते. थेंब लवकर सुकतात, हलके होतात आणि हवेत जास्त वेळ तरंगतात. तेव्हाही साथ येते.

पाऊस आपल्या हाती नाही. घरातली हवा आपल्या हाती आहे. उघडीप मिळताच दार-खिडकी उघडा. छपरातून धुराला वाट ठेवा. खोकताना तोंडावर फडके धरा. आजाऱ्याला वेगळे निजवा.

लहान मुलाला धाप लागली, श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडू लागला, तर भगताकडे वेळ घालवू नका. त्याच घडीला दवाखान्याची वाट धरा. ओढ्याला पाणी चढण्याआधी निघा.